निळा ड्रेस आणि चार शहाणे

थोरलीचं सकाळपासून सगळ्यांना बजावून झालं होतं. सासूबाईंना स्वयंपाकघरात, नणंदेला जिन्यात, नवऱ्याला तो दाढी करत असताना आणि धाकट्या दिराला फोनवर. आज पोरीच्या अंगाबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. 'बारीक' नाही, 'जाड' नाही, 'तब्येत' हा शब्द नाही, आणि 'छान' तर अजिबात नाही.

"छान म्हणायलाही बंदी?" दिरानं विचारलं होतं.

"भाऊजी, तुम्ही छान म्हणालात की ती तासभर आरशासमोर उभी राहते आणि मग जेवत नाही. नका म्हणू."

"मग बोलायचं तरी काय?"

"हवापाण्याचं बोला. मशीनचं बोला. काहीच नाही सुचलं तर गप्प बसा."

गप्प बसणं ह्या घराण्यात कुणाला आजवर जमलेलं नव्हतं, आणि बघणं तर कुणाच्या हातात नव्हतं. तीन पिढ्या शिवणकाम. माणूस दारातून आत आला की ह्यांना त्याचा चेहरा नंतर दिसतो, आधी कोणता खांदा उतरता आहे ते दिसतं. जेवायला आलेल्या पाहुण्याला भात वाढता वाढता त्याच्या शर्टाला किती कापड लागेल ह्याचा अंदाज मनात तयार असतो. लग्न होऊन आली तेव्हा थोरलीला ह्याचं कौतुक वाटलं होतं. आता वीट आला होता.

दीर आला तो दुकानाची नवी पाटी काखोटीला मारून. सासऱ्यांनी, म्हणजे मास्तरांनी, कात्री खाली ठेवून दुकान मुलीच्या (थोरलीच्या नणंदेच्या) हाती दिलं, त्यावरून भावाबहिणीत जे वाजलं होतं ते अजून पुरतं निवलेलं नव्हतं. पण पाटी रंगवून आणायचं काम त्यानं आपणहून घेतलं होतं, म्हणजे समेटाची तयारी दिसत होती. पुतणी दारातच टेबल पुसत उभी होती. त्यानं पाटी भिंतीला टेकवली, घाम पुसला आणि तिच्याकडे बघून तोंड भरून हसला.

"वा! आता कशी अंगानं भरलीस. हाडं मोजायची वेळ गेली एकदाची."

पोरीनं फडकं टेबलावर ठेवलं, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि काही न बोलता जिना उतरून खाली दुकानात गेली.

थोरलीनं कपाळाला हात लावला. "भाऊजी, तासाभरापूर्वी काय सांगितलं होतं मी?"

"अहो, पण मी जाड कुठं म्हणालो? भरलीस म्हणालो. चांगला शब्द आहे."

"शब्दकोश नका काढू आता."

"वहिनी, कौतुकच केलं ना मी?"

ह्यावर काय बोलणार? तो खरंच कौतुकच करत होता. वैताग ह्याचाच होता की घरात एकही माणूस दुष्ट नव्हता, नाहीतर निदान भांडता तरी आलं असतं. लहानपणी हीच पोर फ्रॉकच्या ट्रायलला स्टुलावर उभी राहायची तेव्हा सगळे कौतुकानं तिला काडी म्हणायचे. 'आमच्या काडीला उरलेल्या तुकड्यातसुद्धा फ्रॉक होतो' हे वाक्य सासूबाईंनी गिऱ्हाइकांना ऐकवून ऐकवून गुळगुळीत केलं होतं. पोर त्या कौतुकावर वाढली, आणि पुढे तर त्या कौतुकासाठी जेवायचीच थांबली. गेल्या हिवाळ्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा थोरलीनं ते नाव घरातून हद्दपार केलं. दुसरं नाव कुणाच्या तोंडी बसेना. सासूबाई 'का' म्हणून थांबायच्या आणि 'अगं' म्हणायच्या. नवरा पहिल्यापासून बायकोला 'अगं' म्हणायचा. आता त्यानं 'अगं' म्हटलं की मायलेकी दोघी वळून बघायच्या आणि तो बिचारा गोंधळून मशीनला तेल घालायला निघून जायचा.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी नियम घालून दिले होते. वजनकाट्यावर पाठ करून उभं राहायचं, आकडा तिला कळता कामा नये. जेवण वेळच्या वेळी, मधलं खाणंसुद्धा. आणि तिच्यासमोर मापाची टेप काढायची नाही. शिंप्याच्या घरात! मास्तरांनी (त्यांना घरातली पोरंसुद्धा मास्तरच म्हणत) उभ्या आयुष्यात आंघोळीपुरती काय ती टेप गळ्यातून काढली असेल. पण नातीसाठी त्यांनी ती दुकानाच्या खणात ठेवली. तेव्हापासून बोलता बोलता त्यांचा हात मोकळ्या गळ्याकडे जाई आणि तिथं काही न सापडून खाली येई.

आजचा ड्रेसही त्यांनी टेपेशिवायच कापला होता. पाटी बदलली की एकाच ताग्यातलं कापड सगळ्यांनी अंगावर घालायचं आणि दुकानासमोर फोटो काढायचा, ही ह्या घरची रीत. असे दोन जुने फोटो दुकानात टांगलेले होते. ह्या वेळी तागा निळा होता. बाकीच्यांची मापं वहीत होती. नातीचं मास्तरांनी महिन्यापूर्वी जेवताना समोर बसून, मान खाली घालून वर बघत डोळ्यांनी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कापड कापलं. पहिल्या ट्रायलला ड्रेस अंगासरशी बसला. पोर काही बोलली नाही, पण तिनं तो रागारागानं काढूनही टाकला नाही. त्या दिवशी थोरलीनं देवाचे आभार मानले होते. आणि त्याच रात्री तिला वेगळीच धास्ती लागली होती, पण ते पुढे येईलच.

फोटोवाला दुपारी येणार होता. जेवणाआधी एकदा सगळ्यांनी कपडे घालून बघावेत असं नणंदेनं फर्मान काढलं. दुकान हाती आल्यापासून तिची फर्मानं वाढली होती. दीर शर्ट घालून आला, सासूबाई तयार झाल्या, नवऱ्याचं वरचं बटण लागेना म्हणून नणंदेनं त्याला तिथल्या तिथं फैलावर घेतलं. आणि मग दुकानातून जिना चढून पोर वर आली.

ड्रेस तिच्या अंगावर लोंबत होता.

नुसता सैल नव्हे. पाठीवर फुगा आलेला, कमरेला कापड लोंबतंय, खांदे तेवढे जागेवर. शिकाऊ पोऱ्यानं शिवलेला असता तर मास्तरांनी फाडून परत शिवायला लावला असता. सगळ्यांनी एकदम तिकडे बघितलं आणि एकदम दुसरीकडे बघितलं.

पोरीनं कमरेचं कापड मुठीत धरलं. मूठ भरून कापड आलं.

"सैल झालाय," ती म्हणाली. "आई, बघ ना. महिन्यापूर्वी बरोबर बसत होता." आणि मग हलकेच, "मी बारीक झालेय का गं?"

ती हसली. महिन्या-दोन महिन्यांत घरात हसली नव्हती ती. पण ते हसू थोरलीच्या ओळखीचं होतं. जेवणाचं ताट सरकवून ठेवल्यावर पोर अशीच हसायची, जणू कुणाला तरी हरवलंय. दवाखान्यात गेली त्या आठवड्यातसुद्धा ती अशीच हसत होती.

"मग आज दुपारचं जरा कमीच घेते," पोर म्हणाली. "फोटोपुरतं. संध्याकाळी खाईन ना. बाईंना पण सांगेन मी. उगाच एवढं खायला लावत होते सगळे."

आणि ती वळून पुन्हा खाली गेली. दुकानातल्या मोठ्या आरशावर नणंदेनं हिवाळ्यात जाड चादर टाकली होती. ती ओढून काढल्याचा आवाज वर सगळ्यांना ऐकू आला.

थोरली स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागोमाग सगळेच आत आले, आणि त्या एवढ्याशा खोलीत सहा माणसं ओट्याला टेकून उभी राहिली.

"किती दिवसांनी हसली गं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "राहू दे आजचा दिवस. फोटो होऊ दे."

"आई, ती जेवणार नाहीये."

"एक दुपार नाही जेवली म्हणून काय होतंय?"

"सगळं एका दुपारपासूनच सुरू झालं होतं. विसरलात?"

"वहिनीचं बरोबर आहे," नणंद म्हणाली.

"तुला बरं पटकन बरोबर वाटतं," दीर म्हणाला. "पोर खूश आहे. मला विचाराल तर आईचंच ऐका. सकाळी मी बोललो ते लागलं तिला, आता जरा उतारा पडला."

"पण ती बारीक झाली कशी?" नवऱ्यानं विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता. "खात तर होती. मी स्वतः बघत होतो."

आता थोरलीला सांगणं भाग होतं. "ती बारीक झालेली नाही. ड्रेस मी सोडलाय."

"म्हणजे?"

"पाठीची मधली शिवण. मागच्या आठवड्यात उसवली आणि थोडी बाहेर घेऊन हातानं शिवली. मला वाटलं, आता ती नीट खातेय, फोटोच्या दिवसापर्यंत ड्रेस घट्ट झाला आणि चेन अडकली तर काय करू? सगळ्यांसमोर? म्हणून सोडली. तिला कळायला नको होतं."

नणंदेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, आणि नणंद असं कधी करत नसे.

"काय झालं, ताई?"

"पाठीला आत घेतलेले टक्स मी सोडले," नणंद म्हणाली. "दोन्ही."

"कधी?"

"परवा. तुम्ही बाजारात गेला होतात. मला वाटलं, चार घास जास्त जाताहेत पोरीच्या पोटात, कुठं दाटलं तर जेवण सोडेल परत."

थोरलीनं हळूच मास्तरांकडे बघितलं. मास्तर ओट्यावरच्या मिठाच्या बरणीचं झाकण लावत होते. ते आधीच लागलेलं होतं.

"मास्तर?"

"बाजूच्या," ते म्हणाले. "दोन्हीकडून. मी आत कापड भरपूर ठेवलंच होतं त्यासाठी."

"अहो, पण मग मला सांगायचं होतं ना," थोरली म्हणाली.

"तू कुणाला सांगितलंस?"

सासूबाई आणि दीर तर आ वासून ऐकत होते, म्हणजे आता फक्त नवरा उरला होता. तो मशीन दुरुस्त करणारा माणूस, जन्मात त्यानं सुईत दोरा ओवला नव्हता. थोरलीनं त्याच्याकडे नुसतं सवयीनं बघितलं, तर त्याचे कान लाल झालेले.

"हूक," तो म्हणाला. "कमरेचं. जरासं सरकवलं."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवणकाम कोळून प्यायलेली ही माणसं! अख्ख्या गावाच्या पोटांचा घेर ह्यांना तोंडपाठ. एकानं शिवण सोडली तर दुसऱ्याला कळू नये म्हणून प्रत्येकानं जागा वेगळी निवडली, म्हणजे कावा तेवढा पक्का, आणि सगळ्यांचं मिळून काय होईल हा हिशेब एकालाही सुचला नाही. आणि ह्यांना बोलायला तिला तोंड नव्हतं, कारण सुरुवात बहुधा तिनंच केली होती.

दीर हसायला लागला. नणंदेनं बघितल्यावर थांबला.

"मग आता?" सासूबाई म्हणाल्या. "सांगायचं तिला? की बाई गं, तू बारीक झाली नाहीस, उलट तू वाढणार म्हणून आम्ही चौघांनी कापड सोडून ठेवलंय? मी तर नाही सांगणार. फोटो झाल्यावर सांगा, उद्या सांगा. आज तिचं तोंड बघवणार नाही मला."

"मलाही बघवणार नाही," थोरली म्हणाली. "म्हणून तर मी चोरून उसवलं."

तिनं ताट वाढलं. बाईंनी ठरवून दिलं होतं तेवढं, एक चमचा कमी नाही की जास्त नाही. आणि ते घेऊन जिना उतरली.

दुकान सुट्टीचं म्हणून बंद होतं. मशीनवर झाकणं होती. कापायच्या लांब टेबलावर फक्त मास्तरांची कात्री होती, आणि आरशासमोर निळ्या ड्रेसमधली पोर एका बाजूला वळून स्वतःकडे बघत होती. चादर जमिनीवर पडली होती. थोरलीनं ताट टेबलावर ठेवलं.

"मी म्हटलं ना आज कमी," पोर आरशातूनच म्हणाली.

"ऐकून घे. ड्रेस सैल आहे कारण आम्ही तो सैल केलाय. मी पाठीची शिवण सोडली, आत्यानं टक्स, मास्तरांनी बाजू. तू बारीक झालेली नाहीस."

पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले.

"खोटं बोलतेस."

"नाही."

"मी जेवावं म्हणून बोलतेस. सूपमध्ये गुपचूप साय घालत होतीस तेव्हाही 'काही नाही गं, नेहमीचंच आहे' म्हणाली होतीस."

"हो. तेव्हा खोटं बोलले होते."

"मग आज कशावरून खरं?"

दवाखान्यातून आणल्यापासून पोर जगावी म्हणून थोरली इतक्या ठिकाणी इतकं थोडं थोडं खोटं बोलली होती की आता खऱ्याला वजनच उरलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "माझ्यावर नको विश्वास ठेवू. ड्रेस उलटा करून बघ."

पोर पडद्याआड गेली, आपले कपडे घालून आली आणि ड्रेस टेबलावर उलटा करून पसरला. टेबलावरचा दिवा लावला. ती ह्याच टेबलाखाली रांगत मोठी झाली होती. शिवण वाचायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. उसवलेल्या जागी सुईच्या जुन्या भोकांची रेघ राहते, इस्त्रीची घडी राहते. ती वाकली आणि बोट फिरवू लागली.

"हे आत्या," ती थोड्या वेळानं म्हणाली. "बारीक टीप, शेवटी दोनदा मागे घेतलेली. कुणी ओढून बघितलं तरी सुटणार नाही." बोट पुढे गेलं. "इथं मास्तरांनी आधी धावदोरा घातलाय आणि तो काढायला विसरलेत. हे तुझं. उलटी टीप, हाताची." मग ती कमरेपाशी थांबली. "आणि हे हूक? हा दोरा आहे की मासे पकडायचा गळ आहे?"

"तो बाबा."

"बाबा?"

"हं."

पोरीच्या तोंडून हसल्यासारखा एक आवाज निघाला आणि लगेच तिचा चेहरा गोळा झाला. ती स्टुलावर बसली.

"म्हणजे सगळ्यांनी धरलंच होतं. मी फुगणार म्हणून."

आता 'नाही गं' म्हणायचं. 'तसं नाही, चुकून झालं' म्हणायचं. थोरलीच्या जिभेवर ते तयार होतं, सवयीनं. तिनं ते गिळलं.

"फुगणार नाही. वाढणार. हो, धरलं होतं. धरूनच चाललोय आम्ही. मी रोज सकाळी उठते ती तू वाढावीस म्हणून. रात्री तू झोपल्यावर तुझ्या मनगटाकडे बघते, कालच्यापेक्षा भरलंय का म्हणून. बाई आकडा तुला सांगत नाहीत, मला सांगतात, आणि तो वर गेला की मी दवाखान्याच्या संडासात जाऊन रडते, आनंदानं. तुला हे ऐकायला घाण वाटत असेल. पण हे असं आहे."

"मला नकोय ते," पोर म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "तुम्हाला हवंय. मला आरशात बघितलं की अंग खरवडून काढावंसं वाटतं. मघाशी सैल दिसला ना, तर इतकं बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि ते पण तुम्ही शिवलेलं निघालं."

"हो."

"तुम्ही सगळे मिळून वेड लावाल मला. काका तोंडावर भरलीस म्हणतो, आजी का-का करत अडखळते, आणि बाकीचे गप्प बसून मागून कपडे उसवतात. त्यापेक्षा काका बरा. निदान समोर तरी बोलतो."

"त्याला सांगू नकोस. डोक्यावर बसेल."

पोर रडत होती आणि चिडलेली होती, दोन्ही एकाच वेळी. थोरलीनं जवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवायला घेतला आणि थांबली. हल्ली हात लावलेला तिला आवडत नसे. ती नुसती शेजारी उभी राहिली. जिन्याच्या वरच्या पायरीवर कुणाचे तरी पाय वाजत होते. बहुधा सगळ्यांचेच.

"बोलव सगळ्यांना," पोर नाक पुसत म्हणाली. "ऐकताहेतच तर."

मास्तर, नणंद, नवरा आणि दीर खाली आले, मागून सासूबाई आल्या. पोरीनं टेबलाच्या खणातून उसवायचं पातं काढलं.

"मी हे सगळं उसवतेय. मास्तरांनी पहिल्यांदा शिवला होता तिथं आणून परत शिवायचा. इथंच, माझ्यासमोर. आणि मला 'अगं' म्हणायचं बंद करा. नाव आहे मला."

"म्हणजे, का... हो गं बाई," सासूबाई म्हणाल्या.

पोर उसवायला बसली. घरातल्या सगळ्यांपेक्षा तिचा हात हलका होता, धागा तुटायचा आणि कापडाला कळायचंही नाही. बापानं लावलेलं हूक मात्र निघेना. शेवटी त्यालाच पक्कड आणावी लागली, आणि ते काढताना तो इतका ओशाळला की नणंदेलाही त्याची दया आली. बाहेर फोटोवाला आला. दिरानं त्याला दारातच अडवून पाटीच्या अक्षरांबद्दल मत विचारलं, मग उजेडाबद्दल, मग त्याच्या धंद्याबद्दल. ह्या माणसाच्या गप्पांचा एरवी कुणाला उपयोग झाला नव्हता, तो आज झाला.

ताट टेबलावर तसंच होतं. मध्ये एकदा पोरीनं हात थांबवला, भाताचे दोन-तीन घास खाल्ले, कडू औषध घ्यावं तसे, आणि पुन्हा उसवायला घेतलं. थोरलीनं मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

नणंदेनं मशीनवरचं झाकण काढलं आणि पहिल्या रेघेवरून टीप मारून दिली. पोर पडद्याआड जाऊन ड्रेस घालून आली. चेन अर्ध्यावर चढली आणि थांबली.

ड्रेस बसला नाही.

महिन्यापूर्वी अंगासरशी बसलेला ड्रेस आज पाठीवर बोटभर उघडा होता. ती खरंच वाढली होती. चौघांनी चोरून जे धरलं होतं ते बरोबर निघालं होतं, आणि थोरलीला त्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची भीतीही वाटली. तिला वाटलं, आता ही ड्रेस फाडेल. आता वर जाऊन दार लावून घेईल. पाठीमागून तिला फक्त पोरीचे खांदे दिसत होते, आणि ते वर-खाली होत होते.

मास्तर पुढे झाले. त्यांचा हात एकदा गळ्याकडे गेला आणि खाली आला. त्यांनी नातीच्या पाठीवरचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून बघितलं आणि, गिऱ्हाइकाला सांगावं तसं, आवाज न बदलता म्हणाले, "थोडा सोडावा लागेल."

इतक्या साध्या आवाजात असं तिला तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं.

पोर आरशात बघत होती.

"किती?" तिनं विचारलं.

"लागेल तेवढा."

तिनं डोळे मिटले. "मला आवडत नाहीये हे," ती म्हणाली. "मला अजिबात आवडत नाहीये."

"नसू दे आवडत," मास्तर म्हणाले.

"सोडा."

नणंद पुढे सरकली, पण पोरीनं मान हलवली. "मशीन नको. परत काढा, घाला, नको मला. आई, तूच शिव. अंगावरच. हातानं."

थोरलीनं सुई ओवली. मास्तरांनी पाठीची शिवण उसवून टाचण्या लावून दिल्या. ती लेकीच्या मागे उभी राहून पाठीची शिवण घालू लागली; दर टाक्याला कापडातून लेकीची ऊब बोटांना लागत होती. हिवाळ्यात हीच पाठ हाताखाली गार आणि टोकदार लागायची. ते ती बोलली नाही. कुणीच काही बोललं नाही. ह्या घराण्याच्या इतिहासात इतकी माणसं एवढा वेळ गप्प उभी राहिल्याचं दुसरं उदाहरण नसेल.

शिवण झाली. चेन वर गेली. सासूबाईंनी तोंड उघडलं, थोरलीनं डोळे वटारले, आणि सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या, "हवा बरी आहे आज."

बाहेरून दिराची हाक आली. उजेड चाललाय, फोटोवाला घड्याळ बघतोय, आता तरी या.

"चला चला," नणंद म्हणाली. "ताटाचं नंतर बघू."

"थांबा," पोर म्हणाली. ती ताटाकडे बघत होती. भात गार होऊन कडेनं सुकला होता. "फोटोवाल्याला थांबायला सांगा."

"अगं, पण तो..." बाप म्हणाला, आणि मायलेकी दोघींनी त्याच्याकडे बघितलं.

थोरली अजून दोऱ्याला गाठ मारत होती, दोरा लेकीच्या पाठीला जोडलेला होता. पोर तेवढ्यात टेबलाकडे वळायला गेली आणि सुईसकट आईलाही ओढायला लागली.

"आई, आधी दोरा तोड ना," ती वैतागून म्हणाली, आणि हात लांब करून ताट जवळ ओढलं.